४ टीबीची यूएसबी डिस्क: एक्सफॅट आणि ईएक्सटी४ची वाटणी, आतापर्यंतची नोंद

डिस्क फिरत्या प्लॅटरची. कामं दोन: लिनक्स मशिनचा बॅकअप, आणि विंडोज-मॅकवाल्यांकडे व्हिडिओ नेणं-आणणं. दोन्हींना एकच फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बसवायचा हट्ट सोडलेला बरा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये ना लिनक्सच्या फाइल-परवानग्या ना सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी), त्यामुळे बॅकअपचा प्रोग्रॅम आरसिंक आर्काइव्ह मोडमध्ये, म्हणजे हे सगळं जसंच्या तसं उतरवायला, चालवलं की एररमागून एरर येतात. विंडोजच्या एनटीएफएसवर मॅक स्वतःहून लिहीत नाही. जुनी फॅट३२ तर ४ जीबीच्या फाइलपाशीच अडते.

पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) जीपीटी पद्धतीचं, कारण ५१२ बाइटच्या सेक्टरवर जुन्या एमबीआर पद्धतीची मजल २ टीबीच्या आसपास संपते. पहिलं पार्टिशन व्हिडिओंसाठी १ टीबी एक्सफॅट, उरलेलं ३ टीबी बॅकअपसाठी लिनक्सची ईएक्सटी४. घोळ होतो तो पार्टिशनच्या टाइप कोडमध्ये (पार्टिशन कोणत्या प्रकारचं, ते सांगणारा आकडा). जीडिस्क या पार्टिशन पाडायच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्याला ०७००, दुसऱ्याला ८३०० द्यायचा. दुसऱ्यालाही ०७०० राहिला तर विंडोज त्याला ड्राइव्ह लेटर देतं, आतलं काही कळलं नाही म्हणून ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारतं, आणि समोरचा माणूस बिनधास्त ‘हो’ दाबून मोकळा होतो. उलट, पहिल्याला ८३०० पडला तर विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसतच नाही आणि बिचाऱ्या केबलवर खापर फुटतं.

३२ जीबीच्या वरच्या एक्सफॅटला विंडोज आपणहून १२८ केबीचा क्लस्टर (फाइलला मिळणारा जागेचा लहानात लहान तुकडा) देतं. व्हिडिओंना चालतं. पण १० केबीच्या एक लाख फाइली टाकल्या तर १ जीबीचा ऐवज १३ जीबी अडवतो. ३२ केबी क्लस्टरवर तेच काम सव्वातीन जीबीत भागतं, म्हणून फॉरमॅट करतानाच ३२ केबी घेतला. नंतर बदलायचा तर सगळं पुसावं लागतं. लिनक्सच्या बाजूने कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.७ (२०२०) किंवा त्यानंतरचा असावा, त्यात एक्सफॅटचा नीट ड्रायव्हर आतच आहे.

एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायला ठेवलेली नोंदवही) नाही. कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर गेली तरी डेटा अजून रॅममध्येच असू शकतो. अनमाउंट (सिस्टिममधून डिस्क सुरक्षित सोडवणं) पूर्ण झाल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही, मग भले डिस्कचा दिवा थांबलेला असो.

ईएक्सटी४ बनवताना ‘-एम ०’ दिलं. नाहीतर ५ टक्के, म्हणजे इथे १५० जीबी, रूटसाठी (लिनक्सचा मुख्य वापरकर्ता) राखीव पडतात. सिस्टिम डिस्कवर त्याला अर्थ आहे, बॅकअपवर नाही. पहिल्या माउंटनंतर काही कॉपी चालू नसतानाही दिवा लुकलुकत राहतो. तो बिघाड नव्हे: कर्नल मागच्या मागे आयनोड टेबल (फाइलींच्या माहितीचा तक्ता) लिहीत असतो. फॉरमॅटच्या वेळी लेझी इनिट (हे लिखाण नंतरवर टाकायची सोय) बंद केलं तर हे काम तिथेच उरकतं, फक्त फॉरमॅटला वेळ लागतो.

टीव्हीची चाचणी बाकी आहे. काही टीव्ही जीपीटी वाचतच नाहीत; तसं निघालं तर या डिस्कला हात न लावता टीव्हीसाठी एमबीआरवाला वेगळा पेनड्राइव्ह.