दोरी, भोक आणि एक डावा हात

दोरीचं भोक नेमकं आडनावावर आलंय.

इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या दफ्तरखान्यात मी सतराव्या शतकातल्या कोर्टकागदांची सूची करते. तिमाही बैठक उरकली की कारकून सगळे कागद टोचून एका दोरीत ओवायचा. कुणाचं नाव भोसकलं जातंय, त्याला काय त्याचं.

हा अर्ज एका जखमी शिपायाचा. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात, नेस्बीच्या लढाईत (१६४५) डाव्या हातात गोळी लागली, हात वाळला, आता मजुरी होत नाही. जखम दिवंगत राजांच्या चाकरीतली, म्हणून पेन्शन मिळावी. आमच्या जुन्या सूचीत तारीख जानेवारी १६६२. साफ चूक! तेव्हा इथं नवं साल २५ मार्चला लागायचं, म्हणजे कागदावरचा जानेवारी १६६२ हा आपला जानेवारी १६६३. राजाच्या जखमी सैनिकांसाठीचा कायदा मधल्या काळात झाला. कायद्याआधी अर्ज आला कसा, हे इतक्या वर्षांत कुणालाच खटकलं नाही.

दुपारी १६५० च्या दशकातला गठ्ठा सोडला आणि हात थांबला. तेच गाव, तीच नेस्बी, तोच डावा हात. फक्त तिथं तो पार्लमेंटच्या बाजूनं लढला होता, आणि त्याला वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड, मंजूर झाले होते. १६०१ च्या कायद्यानं साध्या शिपायाला १० पौंडांपर्यंत देता येत होतं; देणाऱ्यांचा हात मात्र आखडता. १६६० मध्ये दिवंगत राजाचा मुलगा गादीवर परतला आणि पार्लमेंटवाल्यांची पेन्शनं गेली.

पुण्यात मोडी शिकताना सभासदाच्या बखरीत वाचलं होतं, अफजलखानाच्या मोहिमेनंतर महाराजांनी जखमींना जखम पाहून २५ ते २०० होन दिले. इथं जखमेआधी बाजू बघत होते.

माणूस एकच कशावरून? अर्ध्या गावाचं नाव जॉन. पण दोन्ही अर्जांसोबत शेजाऱ्यांचे दाखले आहेत आणि दोन्हींवर तीन सह्या त्याच. त्यातला एक गावाच्या गरीबनिधीचा हिशोब ठेवणारा. मेख इथंच आहे. पेन्शन काउंटीच्या तिजोरीतली, सगळ्या गावांच्या पट्टीतून जमलेली. ती बंद झाली की माणूस थेट गावाच्या अंगावर. मग तो कुणाकडून लढला, हे गाव सोयीनं विसरलं असेल, नाही का?

वरिष्ठांना हे पटत नाही. "पुरावा नाही, दोन वेगळ्या नोंदी कर." त्यांचंही खरं आहे. दुसऱ्या दाखल्यात नावच नाही, नुसतं 'हे पत्र आणणारा'. आणि भोक पडलेल्या अर्जातल्या आडनावाचं पहिलं अक्षर नि शेवटचा शेपटा तेवढा उरलाय.

आज पुन्हा भिंग लावलं. शेपटा 'एन'चा वाटतो. काल 'आर'चा वाटला होता.