गच्चीवरचा पर्जन्यमापक, एल निनो आणि तोतलाडोह: नोंद तिसरी

मापकाचं काम आटोपलं. नरसाळ्याचा आतला व्यास १६ सेंमी, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौ. सेंमी, कॅनमधलं २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. दोन लिटरची बाटली काढून पाच लिटरचा कॅन लावला, कारण बाटलीत १०० मिमीच मावतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच तेवढा कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. आणि ते वर्ष होतं एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर तापण्याचं, ज्यात आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो!

कठडा मापकाच्या काठापेक्षा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा, नाहीतर वाऱ्याच्या आडोशाने आकडा कमी येतो. वाचन सकाळी साडेआठला. रात्री पडलेला पाऊसही वाचनाच्या तारखेलाच लिहायचा. इथे एक दिवस सरकला की नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेशी केलेली तुलना वाया जाते. नरसाळ्याची नळी कॅनच्या तळापर्यंत न्या, म्हणजे जूनच्या उन्हात हलक्या सरीचं पाणी उडून जात नाही. नरसाळ्यावरची जाळी आठवड्याला साफ करा, कबुतरं आहेतच.

आता पाऊस आणि एल निनो शेजारी मांडायचा तक्ता. निनो ३.४ म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंश आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश एवढा प्रशांत महासागराचा पट्टा. तिथलं पाणी सरासरीपेक्षा ०.५ अंशाने तापून टिकलं की एल निनो धरतात. जून ते सप्टेंबरच्या पावसाशेजारी त्याच महिन्यांची निनो सरासरी ठेवा. मार्चच्या अंदाजावर भिस्त नको, वसंतात हे अंदाज सर्वांत कच्चे असतात. ३० वर्षांच्या जोड्यांत सहसंबंध (दोन आकडे किती जोडीने वर-खाली होतात याचं माप, शून्य म्हणजे संबंध नाही) ०.३६ च्या आत आला, तर तो योगायोगही असू शकतो, त्यावर काही बोलू नये.

एका निनोवर भागत नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त, तरी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा मध्यम, आणि पाऊस ८१ टक्केच. १९९७ ला हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि सुमात्राकडचा थंड होता, म्हणजे आयओडी (इंडियन ओशन डायपोल, या दोन भागांच्या तापमानातला फरक) धन होता. त्याने बराच तोल सावरला असं मानतात. त्याचा रकाना हवाच. फक्त आयओडीचा जोर बहुधा सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये असतो, जुलैची ओढ त्याच्या माथी मारू नका. शिवाय विदर्भाचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर येतो. दोन-तीन पट्टे नेमके इकडून गेले की वाईट वर्षाचाही हिशेब बदलतो. म्हणून एकूण बेरजेसोबत २.५ मिमी किंवा जास्तीचे दिवसही मोजायचे.

पाण्याचा हिशेब आणखी वेगळा. नागपूरला पाणी देणाऱ्या पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचं पाणलोट मध्य प्रदेशात छिंदवाडा-सिवनीकडे, आणि वर पेंचवरच चौराई धरण. आधी ते भरतं. जुलै २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी मिळत होतं, तेव्हा गच्चीवरचा आकडा पाहून काहीच उलगडलं नसतं.

पुढचं काम: छिंदवाड्याच्या पावसाची दहा दिवसांची बेरीज आणि तोतलाडोहचा साठा एका आलेखावर. जून त्यातून वगळायचा, कारण तापलेली जमीन पहिला पाऊस पिऊन टाकते आणि साठा हलत नाही.