जॅकरँडा नव्हे हो, अंजनी!

महाबळेश्वर माहेर असण्याचा एक ताप आहे. एप्रिल आला की पुण्यातल्या ओळखीच्यांचे फोन सुरू: कुठला पॉइंट बघायचा, स्ट्रॉबेरी कुठे चांगली मिळते. आमच्या रानातलं निळ्या फुलांचं झाड, अंजनी, फुललं का, असं मात्र कुणी विचारत नाही. फुललेली नेऊन दाखवली तर "अगंबाई, जॅकरँडा!" अहो, जॅकरँडा दक्षिण अमेरिकेतला. ही इथली. या पठारावरच्या जंगलातून अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तीन झाडं काढून टाका, बघा काय उरतं ते.

हिचं फूल शेंड्याकडे बघून दिसायचं नाही. फांद्या बाजूला सारून आत शिरायचं. पानं गळून गेलेल्या जुन्या फांद्यांच्या पेरापेरांवर गच्च घोस असतात. कळी टाचणीच्या डोक्याएवढी, गुलाबीसर देठावर. उमलली की चार निळ्या पाकळ्या आणि त्यांतून बाहेर आलेले आठ निळे-जांभळे पुंकेसर. सगळं मिळून करंगळीच्या नखावर मावेल. पण फांदीच्या फांदी अशी निळी होते की सालच दिसत नाही.

बाबा सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे. अंजनी फुलली की माश्यांचा मुक्काम तिथेच. बरणीवर मात्र 'जांभूळ मध'च लिहायचं, कारण गिऱ्हाइकाला तेच नाव माहीत!

मेमेसायलॉन हा हिचा वंश (जीनस) मोठा, 300 च्या वर जाती, आफ्रिका-मादागास्करपासून श्रीलंका, आग्नेय आशियापर्यंत. या वंशातल्या झाडांची पानं मातीतलं ॲल्युमिनियम साठवतात. कोरोमंडल किनाऱ्यावरचे जुने रंगारी चायमुळाच्या, म्हणजे एका रोपाच्या मुळांपासून काढलेल्या, लाल रंगात अशा पानांची पूड घालत. कापडावर लाल रंग पक्का बसतो तो या ॲल्युमिनियममुळेच. त्यांनी हे कसं हेरलं असेल, मला फार नवल वाटतं.

लाकूड महाकठीण. कोयता उसळतो आणि तोडणारा झाडाच्या सात पिढ्या उद्धरतो. फळं काळी, वाटाण्याएवढी, टोकाला मुकुटासारखी कड. गर नावालाच, आत एकच बी. बुलबुलांना चालतात.

फुलं नसताना हिची नि जांभळाची गल्लत होते. तेव्हा एक पान चुरगळायचं. जांभळाला वास येतो, बारीक समांतर शिराही दिसतात. अंजनीचं पान जाड, गडद, चकचकीत. उजेडात धरलं तरी मधल्या शिरेपलीकडे फारसं काही दिसत नाही, आणि वास तर नाहीच.