आईचा मेगाब्लॉक

चिरंजीव पाचवीत असताना शाळेच्या समुपदेशक बाईंनी त्यांच्या वहीत एक कागद चिकटवून पाठवला होता. त्यातली तिसरी ओळ अशी: ‘पालकांनी घरी रोज पाच मिनिटे नजरेला नजर देऊन बोलण्याचा सराव करून घ्यावा.’ आम्ही दोघं दिवाणावर मांडी घालून समोरासमोर बसलो. मी मोबाइलवर टायमर लावला. वीस सेकंद झाली असतील नसतील, तोच तो म्हणाला, "आई, तू माझ्या कपाळाकडे बघतेयस."

खरं होतं. मी म्हटलं, "आणि तू?"

"तुझ्या चष्म्याच्या स्क्रूकडे. डावीकडचा ढिला झालाय."

दुसऱ्या दिवशी गोखले रोडवरच्या चष्मेवाल्याकडून स्क्रू आवळून आणला. सरावातून निघालेलं फलित एवढंच.

बाईंचा काही दोष नाही. ज्या आईला त्या हे शिकवायला सांगत होत्या, तिला स्वतःलाच चाळीस वर्षांत ते जमलेलं नाही, हे त्यांना कुठून कळणार? मलाही तेव्हा नुकतंच कळलं होतं.

झालं ते असं. चिरंजीव आठ वर्षांचे असताना त्यांची ऑटिझमची तपासणी झाली. आपल्याकडे त्यासाठी चाळीस प्रश्नांची एक भारतीय मोजपट्टी आहे. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, सगळ्यांची बेरीज करायची. डॉक्टर विचारत होते आणि मी उत्तरं देत होते. ठरावीक क्रमाने वस्तू मांडतो का? आवाजाने कान झाकतो का? एकाच विषयावर बोलत राहतो का? नवरा शेजारी बसला होता. सतराव्या-अठराव्या प्रश्नानंतर तो प्रत्येक वेळी आधी माझ्याकडे बघायला लागला. बाहेर पडल्यावर रिक्षाच्या रांगेत उभे असताना म्हणाला, "तुझीच परीक्षा चालल्यासारखं वाटत होतं." बोलण्याची त्याची रीत अशीच आहे, पण खोटं बोलत नाही. पुढच्या वर्षी मी स्वतःची तपासणी करून घेतली. मानसतज्ज्ञ बाईंनी माझ्या आईलाही बोलावून घेतलं, माझं लहानपण कसं होतं ते विचारायला. आई म्हणाली, "ही पहिल्यापासूनच शिष्ट."

शिष्ट, घुमी, तुसडी, माणूसघाणी. आमच्या चाळीत माझं निदान फार आधीच झालं होतं, फक्त मराठीत. त्यातल्या त्यात ‘एककल्ली’ हा शब्द मला आवडतो. तो शिवी म्हणून वापरतात, पण वर्णन म्हणून अचूक आहे. माझा कल म्हणजे पाऊस. भिजण्याचा नाही, आकड्यांचा. कुठे किती मिलिमीटर पडला ते मी नववीपासून वहीत लिहिते. वडिलांना घड्याळांचं तसंच होतं. हे घराण्यातून उतरतं असं डॉक्टर सांगतात, आणि आमच्या घरात तर ते पायरी पायरीने उतरताना दिसतं. (मोबाइलमुळे झालं, लशीमुळे झालं, गरोदरपणात तू नोकरी केलीस म्हणून झालं, असं सांगणाऱ्या नातेवाइकांना मी आता उत्तर देत नाही.)

शिष्टपणाचा एक मासला सांगते. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली होती, "ये ना एकदा घरी." मी डायरी काढून विचारलं, "कधी?" ती हसून म्हणाली, "कधीही ये गं, रविवारी वगैरे." त्या रविवारी सकाळी अकरा वाजता पावशेर पेढे घेऊन मी तिच्या दारात हजर. ती गाऊनवर, केसांना मेंदी, आतून सासरे विचारतायत कोण आहे म्हणून. ‘ये ना एकदा’ याचा अर्थ ‘येऊ नकोस, पण माझं तुझ्याशी बरं आहे’ असा असतो, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिच्या सोफ्यावर बसून कळलं. संक्रांतीला लोक ‘गोड बोला’ मला जरा जास्तच जोर देऊन म्हणतात, तेही आता कळतं.

निदानाच्या कागदावर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ असं लिहिलंय. अॅस्पर्गर हा शब्द डॉक्टर तोंडी म्हणाले, "पूर्वी याला म्हणायचे" असं. हान्स अॅस्पर्गर या व्हिएन्नाच्या डॉक्टरने १९४४ साली अशा चार मुलांबद्दल लिहिलं. ते जर्मनमध्येच पडून राहिल्यासारखं होतं. १९८१ साली लोर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यावर लिहिलं आणि ‘अॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं. त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती, म्हणून मला त्या जवळच्या वाटतात. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून हे वेगळं नाव काढून सगळं एकाच स्पेक्ट्रममध्ये घातलं. आणि २०१८ साली जुनी कागदपत्रं धुंडाळून एका इतिहासकाराने दाखवून दिलं, की नाझी काळात अॅस्पर्गरने काही मुलांना व्हिएन्नातल्या अशा एका संस्थेत पाठवलं होतं जिथे मुलांना मारलं जात होतं.

हे मुलाला सांगावं की नाही यावर मी दोन आठवडे घालवले. शेवटी सांगितलं, कारण त्याच्यापासून काही लपवलं की तो ते शोधून काढतो आणि मग ते आपल्या हातात राहत नाही. त्याने ऐकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे एल्फिन्स्टन रोड."

"म्हणजे?"

"स्टेशनची पाटी बदलून प्रभादेवी केली ना २०१८ मध्ये. तरी आजी अजून एल्फिन्स्टनच म्हणते. गाडी तीच थांबते."

तेव्हा आमच्या घरात हा शब्द आजीच्या एल्फिन्स्टनसारखा चालू आहे. कागदावर मात्र आम्ही प्रभादेवी.

यावरून त्याचा कल कोणता ते कळलं असेलच. मी नोकरीला घणसोलीला जाते. ठाण्याचा नऊ-दहा नंबर फलाट आणि तिथून वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल हे आमचं दुसरं घर आहे. ठाण्याहून सुटलेली गाडी पूर्वी थेट ऐरोलीला थांबायची. त्या लांब टप्प्यात तो सतराचा पाढा म्हणायचा. एकदा सरळ, एकदा उलटा, आणि उलटा संपेपर्यंत ऐरोलीचा फलाट यायचा. मी त्याच टप्प्यात डोळे मिटून घ्यायचे. ऑफिसात माणसासारखं वागायची तयारी तेवढ्यात व्हायची. १२ जानेवारी २०२४ ला मध्येच दिघा गाव हे नवं स्टेशन सुरू झालं. कितीतरी लोकांची सोय झाली, मला मान्य आहे. पण पुढच्या शनिवारी त्याला घेऊन निघाले तर सतरा साते एकशे एकोणीसला गाडी थांबली. त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. मग तो हातांनी डोकं बडवायला लागला. समोरच्या बाई म्हणाल्या, "लाडावून ठेवलाय." मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही, कारण माझ्याही छातीत धडधडत होतं. मीही तो आठवडाभर रोज दिघ्याला डोळे उघडत होते आणि ऑफिसात सगळ्यांवर खेकसत होते.

आता खरं सांगायचं ते इथे येतं. लोक म्हणतात, तुलाही तेच आहे, म्हणजे तू त्याला बरोबर समजून घेत असशील. अर्धंच खरं आहे. त्याचा आकांत म्हणजे हट्ट नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. कपड्यातलं लेबल मानेला टोचतं म्हणजे काय होतं, ते मला माहीत आहे. पण एकाच घरात अशी दोन माणसं असली की दोघांच्या गरजा एकमेकांना छेद देतात. त्याला शांत व्हायला आवाज लागतो, स्वतःचा. शाळेतून आला की तो घरात लोकलमधल्या सगळ्या घोषणा म्हणतो: "पुढील स्टेशन, रबाळे. अगला स्टेशन, रबाळे. नेक्स्ट स्टेशन, रबाळे." तीन भाषांत, पार वाशीपर्यंत आणि परत. आणि मला शांत व्हायला शांतता लागते. दिवसभर ऑफिस, मग गाडीतली गर्दी, स्टेशनबाहेरचे हॉर्न. घरात पाऊल टाकते तेव्हा माझ्याकडे एका आवाजाचीही जागा उरलेली नसते. नौपाड्यातलं आमचं घर वन रूम किचन. जायचं कुठे?

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी सासूबाईंनी कुकर लावला होता, खाली कुणीतरी दहीहंडीचे स्पीकर तपासत होतं, आणि याचं कोपरखैरणे, कोपरखैरणे, कोपरखैरणे चालू होतं. मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली, नळ सोडला आणि पालथ्या बादलीवर कान दाबून बसले. आतून हे रागासारखं नसतं. ट्यूबलाइट फडफडते तसं डोकं होतं; शब्द ऐकू येतात पण त्यांचा अर्थ लागत नाही. तो घाबरून दाराबाहेर उभा राहिला. आणि घाबरला की तो काय करतो? घोषणा म्हणतो. मी जितका वेळ आत, तितका त्याचा आवाज मोठा. त्याचा आवाज जितका मोठा, तितकी मला बाहेर येता येईना. सासूबाई बिचाऱ्या मध्ये उभ्या, हातात चिमटा. शेवटी नवरा आला आणि त्याला तलावपाळीला घेऊन गेला.

रात्री मी त्याची माफी मागितली. मिठी वगैरे आम्हा दोघांनाही आवडत नाही, म्हणून शेजारी शेजारी बसून भिंतीकडे बघत बोललो. मी सांगितलं, की माझ्या डोक्यात कधी कधी अजिबात वाहतूक चालू शकत नाही. तो म्हणाला, "दुरुस्तीसाठी?" मी म्हटलं, हो. "मग आधी जाहीर का करत नाहीस? रेल्वे जाहीर करते."

तेव्हापासून आमच्या घरात मेगाब्लॉक असतो. फ्रिजवर कागद लागतो: कुठून कुठे, किती वाजता सुरू, किती वाजता संपणार. संपायची वेळ लिहिलीच पाहिजे, ‘थोड्या वेळाने’ चालत नाही. त्या वेळात मी स्वयंपाकघरात कारखान्यात वापरतात ते कानांवरचे मफ लावून बसते, आणि तो बाबाबरोबर खाली जातो किंवा गॅलरीत दार लावून वाशी गाठतो. सासूबाईंनी सुरुवातीला कपाळावर हात मारला होता. परवा त्यांनीच फोनवर कुणाला तरी सांगितलं, "आत्ता नको, सुनेचा मेगाब्लॉक आहे, सव्वाआठनंतर कर."

दर वेळी जमतं असं नाही. गणपतीत जमत नाही. पाहुणे आले की जमत नाही. एकदा मी संपायची वेळ पाच मिनिटं ओलांडली तर दाराखालून चिठ्ठी आली: ‘प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत असे आईने म्हणावे.’

गेल्या आठवड्यात मुसळधार पाऊस होता, शाळा सुटली होती, आम्ही दोघंच खिडकीत. माझी वही निघाली. मी त्याला २६ जुलै २००५ चं सांगायला लागले: एकाच शहरात, एकाच दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि तिकडे कुलाब्याला फक्त ७३. मग ते ढग कसे, वारा कुठला, भरती किती वाजता. किती वेळ बोलत होते कोण जाणे.

त्याने हात वर केला. "आई. मेगाब्लॉक."

"कुणाचा?"

"माझा. पाच पस्तीसपर्यंत."

मी कुलाब्यालाच थांबले.