कोइमतूरला जाऊन, पळवून, परत सांगलीला

माझी गाडी 2004 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, टर्बो पेट्रोल. 1781 सीसी, कंपनीकडून 150 अश्वशक्ती. मला 250 अश्वशक्तीच्या आसपास काढायचे होते, पण अट वेगळीच होती: सांगलीहून स्वतः चालवत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचं, दिवसभर पळवायचं आणि त्याच गाडीनं घरी यायचं. टोचन लागलं की काम फसलं.

पहिल्या वेळी मी नुसतं रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो तो दाब) वाढवला. तीन महिन्यांत खालून टकटक सुरू झाली. ऑइल चेंबर उतरवलं, तर पिकअपच्या, म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीच्या, जाळीची निम्म्याहून जास्त भोकं काळ्या गाळानं बुजलेली. नखानं खरवडलं की कोळशासारखे तुकडे पडत होते. तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग खाऊन तांबूस पडलं होतं. टर्बोच्या उष्णतेनं तेल भाजतं आणि त्याचा गाळ होतो. या इंजिनाची ती जुनी खोड. मी उष्णता वाढवली आणि तेलाकडे पाहिलंच नाही. त्या दिवसापासून माझ्यासाठी ताकद मागे गेली. तेल आणि मापं पुढे आली.

इंजिन पूर्ण खोललं. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत पिस्टन आणि रॉड मागवले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 81 वरून 81.5 मिमी करायला ब्लॉक एका शॉपला दिला, तिथं डाव चुकला. हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) दहा बोल्ट आवळले की सिलिंडरचा वरचा भाग किंचित ओढला जातो, गोल राहत नाही. म्हणून जाड प्लेट हेडसारखी आवळून मगच होनिंग, म्हणजे आतून बारीक घासून माप, करायचं असतं. त्यांनी ते केलं नाही. बिल चुकतं केलं आणि ब्लॉक उचलून आणला. मग कुपवाड एमआयडीसीत प्लेट बनवून घेतली आणि कोल्हापूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. नशीब, पिस्टनच्या मापापर्यंत थोडा माल शिल्लक होता. अण्णांनी प्लेट आवळून तीन उंचींवर, दोन दिशांनी बोअर मोजला आणि आकडे खडूनं ब्लॉकवरच लिहिले.

पिस्टनच्या रिंगांच्या दोन टोकांमधली फट मात्र त्यांनी मला घासायला लावली. रिंग बोअरमध्ये ठेवायची, पिस्टननं ढकलून सरळ करायची, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघायचं, काढायची, दोन हात मारायचे, पुन्हा घालायची. मी कानस मागे-पुढे चालवत होतो. अण्णांनी हात धरला. “दादा, बाहेरनं आत, एकाच दिशेनं. न्हाईतर वरचं कोटिंग उडतंय.” टर्बोच्या इंजिनात रिंग जास्त तापते, फुगते, फट कमी पडली तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठच तुटतो. वरच्या रिंगेला 0.40 मिमी ठेवली, दुसरीला थोडी जास्त. आठ रिंगांना रात्रीचे दोन वाजले. मला ते काम फार आवडलं.

टर्बो गॅरेटचा, मध्यम आकाराचा. त्याहून मोठा बसला असता, पण घाटात उशिरा जागा होणारा टर्बो रस्त्यावर काय कामाचा? मॅपही (कॉम्प्युटरची सेटिंग) तसाच केला: बूस्ट हळूहळू चढवायचा, 4000 आरपीएमच्या आधी पूर्ण द्यायचा नाही. कमी आरपीएमला एकदम आलेला टॉर्क रॉडवर आणि बेअरिंगवर सगळ्यात जास्त बसतो. बंपरच्या कडेचा छोटा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) काढून समोर मोठा लावला, ऑइल कूलर जोडला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवला.

पेट्रोलचं बोलायलाच हवं. आपला भाग उसाचा, इथेनॉल इथल्याच कारखान्यांतून निघतं. ई20 नं, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकर) कमी होतं, सिलिंडरमध्ये शिरताना ते हवा थंड करतं. पण हवेच्या मानानं ते जास्त लागतं. साध्या पेट्रोलला 14.7 भाग हवा, ई20 ला साधारण साडेतेरा. इंजेक्टर मोठे घेतले, जुने रबरी पाइप बदलले, आणि मॅप त्याच पेट्रोलवर बसवला.

पहिले 50 किलोमीटर तासगाव रस्त्यावर, कधी जोर देऊन, कधी सोडून. रिंगा बसायला भार लागतो. मग तेलाचा फिल्टर कापला, धातूचे कण दिसतात का म्हणून कागद उलगडून उन्हात धरला, चुंबक फिरवला. थोडा बारीक कीस, चकाकणारं काही नाही.

करीचा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, वळणं एकामागून एक, गाडीला दम घ्यायला सरळ पट्टा थोडाच. पाच फेऱ्या जोरात, एक शांत, असं दिवसभर केलं. दुपारी तेल 125 अंशांवर गेलं, तेव्हा मी आत आलो आणि अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं. बरोबरची पोरं म्हणत होती अजून दोन मारा. नाही मारल्या.

परतताना अंकलीचा पूल ओलांडला तेव्हा 3000 आरपीएमला तेलाचा दाब साडेतीन बार होता, निघताना होता तेवढाच. दुसऱ्या दिवशी फिल्टर पुन्हा कापला. कागद स्वच्छ. अण्णांना फोन केला, तर म्हणाले, “कूलर एक साइज मोठा घाला, मग उन्हाळ्यात जावा.” तो आता मागवलाय.