निवृत्तीनंतर मोडी शिकताना

बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मला शाल आणि श्रीफळ मिळाले आणि त्यांच्या जोडीला पुढची वीस वर्षे पुरतील इतके सल्लेही मिळाले. भजनी मंडळात जा, गच्चीवर भाजीपाला लाव, क्रोशाचे रुमाल विण, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलींना जा, असे ज्याला जे सुचेल ते तो सांगत होता. यातले काहीच वाईट नव्हते. भजनी मंडळात मी चार महिने गेलेही. पण माझा गळा बेताचा आणि टाळ धरूनही ठेका चुकायचा, तेव्हा मंडळातील मैत्रिणींच्या सहनशीलतेचा मान राखून मी स्वतःच थांबले. चौतीस वर्षे सकाळी दहाच्या आत टेबलावर बसून आकडे जुळवलेल्या बाईला नुसता वेळ घालवणारा छंद पुरत नाही, थोडे डोके शिणवणारे काहीतरी लागते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

आमच्या घरी सासूबाईंच्या ट्रंकेत कापडात गुंडाळलेला एक कागद होता. तो मोडीत, म्हणजे पूर्वी मराठी लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिपीत होता, आणि त्या कागदावर आपल्या जमिनीचा पुरावा आहे असे सासूबाई ठामपणे सांगत असत. माझ्या वडिलांना मोडी उत्तम येत होती, कारण त्यांच्या पिढीला ती शाळेत शिकवली जात असे. किराण्याची यादीसुद्धा ते मोडीत लिहीत, आणि आम्ही भावंडे ‘डॉक्टरांचे अक्षर’ म्हणून तिची चेष्टा करत असू. त्यांना विचारून घेण्याचे सुचले नाही, आणि सुचले तेव्हा ते राहिले नव्हते. त्यामुळे जवळच्या एका ग्रंथालयात मोडीचा महिनाभराचा संध्याकाळचा वर्ग सुरू होतो आहे असा फलक दिसला, तेव्हा मी त्याच दिवशी नाव घातले.

वर्गात आम्ही एकवीस जण होतो आणि त्यांत साठीच्या पुढच्या बायका नऊ होत्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली होती, त्यामुळे काही तरुण मुले कामाच्या आशेने आली होती. आम्ही नऊ जणी मात्र कशाच्याच आशेने आलो नव्हतो, आणि खरे सांगायचे तर शेवटपर्यंत टिकलो त्या आम्हीच.

पहिल्या दिवशी सरांनी एकही अक्षर शिकवले नाही. कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आधी शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायची, एवढेच पानभर करायला सांगितले. देवनागरीत, म्हणजे आपल्या बाळबोधीत, आपण शब्द लिहून मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. येथे रेघ आधी येते आणि शब्द नंतर. पन्नास वर्षांची हाताची सवय मोडायला मला आठवडा लागला. हात न उचलता भराभर लिहिता यावे यासाठी ही लिपी घडली असल्याने अक्षरे वळणे घेत एकमेकांत शिरतात. ‘र’ तर इतकी रूपे घेतो की आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने त्याला ‘बहुरूपी’ असे नाव ठेवले होते.

मुळाक्षरे आणि बाराखडी रोज दोन-दोन पाने गिरवली की पंधरा दिवसांत हातात बसतात. मात्र अक्षर ओळखता येणे आणि कागद वाचता येणे यांत फार अंतर आहे, आणि या छंदाची खरी गोडी त्या अंतरातच आहे, असे माझे मत झाले आहे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि विरामचिन्हेही नसतात, म्हणून वाक्य कोठे संपले हे अर्थावरूनच ठरवावे लागते. सरावाच्या एका उताऱ्यात ‘सदरहूजमीनदारासदिली’ अशी सलग ओळ आली. मी ‘सदरहू, जमीनदारास दिली’ असे वाचले आणि काय दिली ते मागच्या ओळीत शोधत बसले. प्रत्यक्षात ‘सदरहू जमीन दारास दिली’, म्हणजे पत्नीला (दारा म्हणजे पत्नी) दिली, असा तो मजकूर होता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही लेखक पाळत नाहीत, त्यामुळे ‘सुत’ म्हणजे मुलगा की कापसाचे सूत हे शेजारच्या शब्दांना विचारून घ्यावे लागते. वर्गाच्या शेवटच्या चाचणीत मी एका विणकराच्या हिशेबात त्याची तीन मुले विकली आणि नापास झाले. बासष्टाव्या वर्षी नापास होण्याचा अनुभव मुळीच वाईट नसतो, कारण प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला कोणाकडे जावे लागत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बसले आणि उत्तीर्ण झाले.

शिकवण्याचा क्रमही मला आवडला. आपण इतिहास जुन्याकडून नव्याकडे वाचतो. मोडीत मात्र आधी इंग्रजी अमदानीतले कागद, मग पेशवेकालीन आणि सर्वांत शेवटी शिवकालीन असा उलटा प्रवास करावा लागला, कारण जितके मागे जावे तितकी वळणे आणि फारसी शब्द दोन्ही अनोळखी होत जातात. सरकारी पत्रांत तर वर्षसुद्धा अरबी शब्दांत येते. ‘सलास’ म्हणजे तीन आणि ‘खमस’ म्हणजे पाच हे पाठ केल्याखेरीज पत्र कोणत्या साली लिहिले तेच कळत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांमधून निवड करून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या काही वर्षांत ४५ खंड छापले, हे मी शाळेत कोठेतरी वाचले होते. पण एका पानाला दीड तास लागू लागल्यावर त्या ४५ आकड्याचा अर्थ मला प्रथमच कळला.

डोळ्यांचा प्रश्न येतोच. माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, त्यामुळे भिंग धरून वाचताना मान आणि डोके दोन्ही दुखू लागत. सुनेने कागदाचा फोटो काढून टॅबवर मोठा करून दिला आणि तो प्रश्न जवळजवळ संपला. मूळ कागदाला पुन्हापुन्हा हात लावावा लागत नाही, हा त्यातला दुसरा फायदा. जुना कागद चिकटपट्टीने जोडू नये आणि लॅमिनेट तर कधीच करू नये, हे मात्र ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांना मी आवर्जून सांगते.

एवढी तयारी झाल्यावर मी ट्रंकेतला कागद काढला. वरच्या घडीवर तो विरला होता आणि नेमका शकाचा शेवटचा आकडा तेथेच गेला होता. ‘शके १८०’ एवढे दिसत होते आणि पुढे संवत्सराच्या नावातले ‘भानु’ स्पष्ट होते. साठ संवत्सरांत चित्रभानु आणि सुभानु एकापाठोपाठ येतात. पहिला असेल तर शके १८०४ आणि दुसरा असेल तर १८०५. ‘भानु’च्या आधी किती अक्षरे मावतील हे मी त्याच लेखकाच्या इतर ओळींवरून पट्टीने मोजले. जागा दोन अक्षरांची होती, आणि ‘त्र’च्या खालच्या वळणाचे टोक घडीच्या अलीकडे शिल्लक होते. चित्रभानु, म्हणजे शके १८०४, त्यात ७८ मिळवले की इसवी सन १८८२. या एका आकड्यासाठी माझी पूर्ण दुपार गेली आणि दुपारचा चहा राहून गेला, याची नोंद घरात अजून घेतली जाते.

पुढची ओळ ‘धनको नाम’, म्हणजे कर्ज देणाऱ्याचे नाव, अशी सुरू झाली आणि यजमानांनी मागून विचारले, ‘‘जमिनीचा आहे ना?’’ तो जमिनीचा नव्हता. तो कर्जरोखा होता. रक्कम ‘६२॥’ अशी लिहिली होती. मोडी कागदात हे दोन दंड अक्षरापुढे आले तर शब्द संक्षेपाने लिहिला आहे असे समजायचे आणि आकड्यापुढे आले तर अर्धा. तेव्हा साडेबासष्ट रुपये, दरमहा दर शेकडा एक रुपया व्याज, आणि तारण म्हणून सोन्याच्या पाटल्या जोडी एक, त्यांचे वजन तोळ्या-माशांत. मी बँकेत शेवटची अकरा वर्षे सोनेतारणाच्या टेबलावर होते. दागिन्याचे वर्णन, नग, वजन, रक्कम, व्याज, मुदत हा क्रम मी हजारो वेळा भरला होता, आणि येथे तो जवळजवळ तसाच होता. त्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे मला अक्षर लागण्याआधीच कळत गेले. सरांनी नंतर तपासले तेव्हा तपशिलाच्या भागात माझी एकही चूक निघाली नाही.

पाटल्या आमच्याच घरातल्या कोणीतरी अडचणीत गहाण ठेवल्या असाव्यात, असे मी आणि यजमान दोघांनी गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी नावे लागली. ‘रिणको’, म्हणजे कर्ज घेणारी, म्हणून शेजारच्या गावच्या एका बाईचे नाव होते, तिच्या नवऱ्याच्या नावाआधी ‘कैलासवासी’ होते, आणि ‘धनको’ यजमानांचे खापरपणजोबा होते. खाली साक्षी, लेखकाचे ‘हस्ताक्षर’, आणि बाईच्या नावापुढे सहीऐवजी ‘निशाणी बांगडीची’ असे लिहून एक वर्तुळ काढलेले होते. लेखकाचा हात सराईत होता, पण ते वर्तुळ त्याचे नव्हते. टाक मध्येच थांबून शाईचा ठिपका पडला होता आणि दोन्ही टोके नीट जुळली नव्हती.

कर्ज फिटले की रोखा फाडून किंवा त्यावर भरपाई, म्हणजे पैसे पावल्याची नोंद, लिहून ऋणकोला परत देण्याची रीत होती. हा रोखा अखंड आहे, त्यावर भरपाईची ओळ नाही, आणि तो आमच्या ट्रंकेत आहे. यजमानांनी वाचन दोनदा ऐकून घेतले आणि काही न बोलता कागद पुन्हा कापडात गुंडाळला. सासूबाईंच्या पाटल्या आता सुनेकडे आहेत. त्या कधीच्या आहेत हे सांगणारे घरात कोणी उरलेले नाही, आणि कागदावरचे वजन ताडून पाहण्यासाठी त्या सराफाकडे न्याव्यात की नाही, हे अजून आमचे ठरलेले नाही.