आमची वाटचाल : मोठ्या बोअरची जुनी क्लॅरिनेट आणि त्यांचे माउथपीस

आमची कार्यशाळा सुरू झाली ती लाकडी सुषिर वाद्यांच्या सर्वसाधारण दुरुस्तीसाठी. भोके झाकणारे पॅड बदलणे, कॉर्क बसवणे, वाकलेल्या कळा सरळ करणे ही कामे नेमाने येत आणि त्यांवरच आमचा खर्च भागत असे. मोठ्या बोअरच्या, म्हणजे आतून अधिक रुंद नळीच्या, क्लॅरिनेटकडे आम्ही वळलो ते एकच तक्रार वारंवार कानावर येऊ लागल्यामुळे : वाद्याचा आवाज भरदार आहे, पण ते सुरात राहत नाही. अशी वाद्ये बहुधा बूझी अँड हॉक्स या इंग्लिश कंपनीची 1010 असत. 1930च्या दशकात आलेले हे मॉडेल 1980च्या दशकापर्यंत बनत राहिले आणि फ्रेडरिक थर्स्टन, जॅक ब्रायमर यांच्यासारख्या इंग्लिश वादकांमुळे त्याचे नाव झाले.

1010चा बोअर सुमारे 15.2 मिलिमीटर असतो, तर आज सर्वत्र दिसणाऱ्या फ्रेंच पद्धतीच्या वाद्याचा मधल्या भागात 14.6च्या आसपास. फरक जेमतेम 0.6 मिलिमीटरचा आहे; मात्र तक्रारीचे मूळ त्यातच असते. 1010चे मूळ माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा टोकाचा भाग, आतून सरळ आणि रुंद असते, कारण ते त्याच नळीचा पुढचा भाग म्हणून घडवलेले असते. ते हरवले किंवा फुटले की मालक सहज मिळणारे फ्रेंच माउथपीस लावतो, ज्याचा बोअर निमुळता आणि अरुंद असतो. आतली हवेची जागा कमी झाली की नळी वरच्या टोकाला तेवढीच आखूड झाल्यासारखी वागते. सगळी भोके बंद असताना ही तूट लांब नळीत फारशी जाणवत नाही, पण मोकळा जी (सगळी भोके उघडी असतानाचा सूर) ते बी-फ्लॅट हे आखूड नळीचे सूर चांगलेच चढतात, आणि खालचा सूर व रजिस्टर कळ (वरच्या सुरांसाठीची कळ) दाबल्यावर येणारा त्याच्यापासून वरचा बारावा सूर यांचा मेळ बसत नाही.

यावर पूर्वीच्या कारागिरांनी केलेले उपाय आम्हांला वाद्य उघडल्यावर दिसतात : भोकांच्या कडेला मेण, लांब केलेले बॅरल (माउथपीसखालचा जोडतुकडा), क्वचित कानशीने रुंदावलेली भोके. मेण काढता येते; कापलेले लाकूड परत येत नाही. म्हणून योग्य माउथपीस लावून वाजवून पाहिल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम झाला. काही ग्राहकांना तो वेळकाढूपणा वाटतो, त्याला इलाज नाही.

माउथपीस निवडताना ग्राहक पहिल्यांदा टोकाचे अंतर (माउथपीसचे टोक आणि रीड, म्हणजे कंप पावणारी वेताची पट्टी, यांतली फट) विचारतो, आम्ही पहिल्यांदा बोअर मोजतो. टोकाचे अंतर 1 मिलिमीटर असो की 1.1, त्याचा प्रश्न मुख्यतः ओठ आणि रीड यांच्याशी आहे. जुन्या माउथपीसचे फेसिंग, म्हणजे रीड टेकते ती वळणदार बाजू, कोणीतरी घासलेले असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे काचेची पट्टी त्यावर टेकवून पातळ फीलर (मोजमापाची पत्री) दोन्ही कडांखालून सरकवतो. एका बाजूला तो अधिक आत गेला, तर रीड तिरकी बंद होते आणि चीत्कार निघतो. फ्रेंच माउथपीस आतून रुंद करून देण्याची मागणीही येते. त्यात कॉर्कजवळची भिंत धोकादायक पातळ होते, म्हणून हे काम आम्ही क्वचितच स्वीकारतो. माउथपीस ज्या कडक रबराचे, म्हणजे एबोनाइटचे, असते ते मात्र कोमट पाण्यानेच धुवावे. गरम पाण्याने ते हिरवट-तपकिरी पडते, गंधकाचा वास सुटतो आणि मोजून ठेवलेले फेसिंग वाकडे होऊ शकते.

त्यानंतर बाकीची दुरुस्ती. क्लॅरिनेटच्या लाकडाला, आफ्रिकन ब्लॅकवुडला, चीर पडते ती बहुधा वरच्या जोडात. ती भोकापर्यंत गेली नसेल, तर चिकटद्रव्य पुरते. गेली असेल, तर आडव्या पिना किंवा कार्बन फायबरचा पट्टा लागतो. आटलेल्या लाकडाचा बोअर लंबगोल होतो, म्हणून माप दोन दिशांनी घेतो. प्रत्येक पॅडखाली सिगारेटच्या कागदाची अरुंद पट्टी ठेवून ती चहूबाजूंनी सारखीच अडकते का, हे पाहिल्याशिवाय पॅड पक्का करत नाही.

याहूनही जुनी इंग्लिश वाद्ये कधी कधी उंच पट्टीची निघतात. त्यांचा ए हा सूर आजच्या 440 हर्ट्झचा नव्हे, तर 452च्या आसपास असतो आणि नळीच आखूड असल्याने कोणतेही माउथपीस किंवा बॅरल त्यांना आजच्या वाद्यवृंदात बसवू शकत नाही. हे ग्राहकाला आम्ही आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच सांगतो, आणि तरीही वाद्य संग्रहासाठी हवे असेल, तर ते जसे आहे तसेच स्वच्छ करून देतो.